लिफ्टशेजारचा जिना

मित्रांनो, मी एक जुना जिना आहे. सागवानी, चौतीस पायऱ्यांचा आणि खरं सांगायचं तर पक्का मत्सरी. माझ्यासारख्या वयस्काला हे शोभत नाही, हे मला कळतं. पण तुमच्यापासून काय लपवायचं?

माझा जन्म तार कचेरीत झाला. खाली लोक तारा द्यायला येत, वर यंत्रांवर बसलेली माणसं त्या पाठवत आणि मधली सगळी धावपळ माझ्या अंगावरून चाले. कुणाला नोकरी लागली, कुणाचे वडील गेले, साऱ्या बातम्या आधी माझ्या पायऱ्या चढत. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या, त्याचाही मला तोरा होता. पुढे घरोघरी फोन आले, तारा रोडावल्या आणि कचेरीला कुलूप लागलं. तीस वर्षं माझ्यावर फक्त कबुतरं नांदली. माणसांपैकी कुणी साधी विचारपूसही केली नाही.

मग ठरलं की या इमारतीत वाचनालय करायचं. छत दुरुस्त झालं, भिंती खरवडून पुन्हा चुना लागला आणि मला नीट करायला सुतारकाका आणि त्यांची मुलगी आली. दोघं अनवाणी वर चढली. एकेक पायरी त्यांनी बोटांनी ठोकून पाहिली आणि ज्या अकरांचा आवाज पोकळ आला, त्या बदलल्या. इतक्या वर्षांनी माणसाचा तळपाय लागला, मी हरखून गेलो.

पण ते सुख आठ दिवसही टिकलं नाही. माझ्या अगदी शेजारी लिफ्ट आली. काचेची, चकचकीत, कालची पोर! जो तो तिच्याकडे पाही. एकच मजला चढायचा, तरी रंगारीसुद्धा तिच्यात शिरू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि जळणारा मी एकटाच नव्हतो. लिफ्ट बसवणाऱ्याची लोकांनी वाहवा केली की सुतारकाकांच्याही पोटात दुखे.

"हिच्यापुढे माझा जिना फिका पडता कामा नये," असं म्हणून त्यांनी पॉलिशचा डबा उघडला.

"बाबा, कठड्याला करा की. पायऱ्यांना कशाला?" मुलगी म्हणाली. "कुणीतरी घसरेल."

"काही होत नाही. दोनच हात मारतो."

दोनाचे सात झाले. मी मनात म्हणत होतो, अजून एक, काका, अजून एक! शेवटी लिफ्टचं दार माझ्या पायऱ्यांत दिसायला लागलं, तेव्हा कुठे माझा जीव थंड झाला.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. "काय चकाकतोय हो!" असं म्हणत वरून उतरू लागल्या, आणि पाय घसरून थेट खाली. घोट्याचं हाड मोडलं. संध्याकाळी माझ्या तोंडाशी साखळी आली आणि तिच्यावर पाटी: 'जिना फक्त पाहण्यासाठी'.

वाचनालय सुरू झालं. लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढत आणि लिफ्टने वर जात. दुसऱ्याला अपशकुन करायला निघालो आणि स्वतःचंच नाक कापून बसलो. आता उरलेला जन्म शोभेची वस्तू म्हणून काढायचा, या विचाराने मी खचलो. कबुतरं तरी माझ्यावर चालत होती!

एका सकाळी सुतारकाका सँडपेपर घेऊन आले. कुबडी टेकत बाई समोर उभ्या राहिल्या.

"काका, एवढी मेहनत केलीत, सगळी वाया जाईल."

"जाऊ द्या, बाई. जिना वाया जाण्यापेक्षा बरं. पोरीनं बजावलं होतं, मीच ऐकलं नाही."

बापलेकीने पाच दिवस गुडघ्यांवर बसून मला घासलं. चकाकी गेली, मी खरखरीत आणि साधा झालो. ते पाचही दिवस बाई वरच्या उरलेल्या कामासाठी लिफ्टनेच जात. ज्यांना मी पाडलं, त्यांना ती अलगद वर नेई. त्या वेळी जळण्याऐवजी मला पहिल्यांदा लाज वाटली.

साखळी निघाली. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा, पण नुसतं नटवून बाजूला ठेवू नका. आम्हाला वापरा. आमचा जीव त्यातच असतो. माझा मत्सर पुरता गेला असंही समजू नका, लिफ्टसमोर रांग लागली की अजूनही मला झोंबतं.

काल बाईंची कुबडी सुटली. लिफ्ट दार उघडून उभी होती, तरी त्या माझ्यावरून चढल्या. चढणं तसं सोपं. उतरताना मात्र, जिथून पडल्या होत्या तिथेच त्या थांबल्या. कठडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. खाली सुतारकाका श्वास रोखून उभे होते.

बाईंनी एक पायरी उतरून पाहिली. मग दुसरी. आणि तिसरीवर त्यांनी कठडा सोडला.