जावई रागावला

जनकपूरजवळच्या तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. सेतुबाबाच्या अंगात साक्षात राम आला होता. बाबाने पितळी घंगाळात 'राम' लिहिलेला शेंदरी दगड सोडला आणि तो चक्क तरंगला.

"सेतूचा पाषाण आहे हा," बाबा घुमत म्हणाला. "सुनेचं शील शुद्ध, तर तरतो. खोट असली की बुडतो."

बायकांनी हात जोडले. कपिलादाईने जोडले नाहीत. तिच्या लेकीने, रुनाने, बाबाचे पाय चेपायला नकार दिला, आणि मागच्या पुनवेला याच घंगाळात रुनाच्या नावाचा दगड बुडाला. सासूने तिला त्याच संध्याकाळी माहेरी हाकललं, तान्हं लेकरू मात्र ठेवून घेतलं. तेव्हापासून कपिलादाई बाबावर दात धरून होती. याला चारचौघांत नागवा करायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मिथिलेत राम हा घरचा जावई. जावयाला शिव्यांची गाणी म्हणायची आणि त्याने ती हसत ऐकायची, हा तिथला मान. त्यात आज सीतेच्या लग्नाची तिथी, आणि गावातली लग्नाची गाणी कपिलादाईशिवाय होत नसत.

"जावईबापू आलेच आहेत, तर मान नको का द्यायला?" म्हणत तिने सूर लावला.

"तीन आयांचा लाडका लेक, खिरीच्या वाटीतून आला,
अयोध्येच्या पुरुषांनी, सांगा, काय पराक्रम केला?"

बायका पदराआड हसल्या आणि त्यांनी गाणं उचललं. बाबा परमुलखातला. त्याला हा रिवाज कुठून ठाऊक असणार?

"पापिणी, देवाची निंदा करतेस? भस्म करीन!"

"अगबाई, जावई रागावला," कपिलादाई म्हणाली. "राज्य गेलं तेव्हा ज्याच्या कपाळाला आठी पडली नाही, तो सासुरवाडीच्या गाण्याला चिडला? अंगात दुसराच कोणीतरी आलाय."

हशा पिकला. बाबाचं भान सुटलं. त्याने घंगाळातला दगड उचलून तिच्यावर भिरकावला. तो कपाळावर आपटून वाळक्या भोपळ्यासारखा टुणकन उडाला. ना खोक, ना रक्त.

तिने दगड उचलून नखाने शेंदूर खरवडला. आत भोकंच भोकं. मग तिने बाबाची झोळी उपडी केली. दगड दोन जातींचे होते. एक ज्वालामुखीच्या मुलखातला, पोटात हवा असलेला, म्हणून तरंगणारा. दुसरा नदीतला, भरीव. शेंदूर दोघांना एकच.

"आता तुझ्या शीलाचा सोडते," म्हणत तिने भरीव दगड पाण्यात टाकला. तो सरळ तळाला गेला. बाबाने धोतर सावरत पळ काढला, तर बायका गाणं म्हणतच त्याच्या मागे लागल्या.

कपिलादाईचं समाधान एवढ्यावर झालं नव्हतं. रुनाची सासू तान्ह्याला घेऊन पुढे आली. "विहीणबाई, चूक झाली. रुनाला पाठवा."

"आधी लेकरू द्या." तिने नातवाला कडेवर घेतलं. "दगड आपल्या वजनाने बुडतो. माणसाच्या चारित्र्यातलं त्याला काय कळतं? रुना वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर राबली, ते दिसलं नाही आणि घंगाळातलं दिसलं. आमच्या सीतेकडे दुसऱ्यांदा पुरावा मागितला, तेव्हा ती धरणीत गेली. रुना जाणार नाही. यायचं की नाही ते ती ठरवेल. विचारायला तुम्ही दारात या. येताना दगड डोक्यावर घेऊन या. भरीवच आणा, मी उचलून बघणार आहे."