मनातलं मोठ्याने

"आता मी गप्प झाले ती जिरं सापडत नाही म्हणून. तुमच्यावर रागावलेली नाही, भाऊजी."

वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये ही रीत शालनवहिनींनीच पाडली होती. त्यांच्या धाकट्या दिराचा, बद्रीनाथचा आजारच तसा होता. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण समोरचा माणूस गप्प बसला की बद्रीनाथला त्यात कट दिसायचा. मग वहिनी मनात येईल ते बोलून टाकू लागल्या. "आपल्या घरात एकाच्याही डोक्याला पासवर्ड नाही," असं त्यांचे यजमान सुदर्शन म्हणायचे.

सुदर्शनना हिंजवडीच्या कंपनीने दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, बायकोसकट. बद्रीनाथसाठी त्यांनी लोणी काळभोरकडची एक संस्था पाहून ठेवली. "त्याला इतक्यात सांगू नकोस," ते वहिनींना म्हणाले. त्या दिवशी वहिनींनी मुकाट्याने पोळ्या लाटल्या.

बद्रीनाथने ताट सरकवलं. "आधी तुम्ही खा."

वहिनींनी घास खाल्ला. तरी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चहा नाकारला, गोळीही. गोळी सुटली की काय होतं, ते वहिनींनी पाहिलेलं होतं. गॅस बंद करून त्या त्याच्यासमोर बसल्या.

"हे अमेरिकेला निघालेत. मीही जायचं, आणि तुम्हाला लोणी काळभोरच्या संस्थेत ठेवायचं, असं म्हणतायत. ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, भाऊजी. दोन वर्षं मनातल्या मनात विचार करता येईल म्हणून."

बद्रीनाथने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच म्हणजे? कमी आहे का?"

"मला वाटलं, भाजीत काही घातलंत."

"घातलं असतं तर चव तरी आली असती."

तो खुदकन हसला. मग मान खाली घालून म्हणाला, "माझ्या मनातलं सांगू? मला तिकडे जायची भीती वाटते. आणि माझ्यासाठी राहिलात तर तुम्ही माझा राग कराल, याचीही."

असं तो आजवर बोलला नव्हता.

"करेन कधीकधी," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा सांगेन."

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, तुम्ही एकटेच जाऊन या. आम्ही इथे आहोत." फोन ठेवताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. बद्रीनाथ सावध झाला.

"मला रडू येतंय," त्या घाईने म्हणाल्या. "अमेरिका बघायची होती हो. तुमच्यावर राग नाही."

त्याने तो चेहरा पुन्हा न्याहाळला. चेहरा काही वेगळंच सांगत होता. तरी त्याने वहिनींच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि पोळीचा तुकडा मोडला.