माळ्यावरच्या खोलीचं कुलूप

द्रिना नदीकाठच्या त्या गावात, तारीख उलटूनही घरी बसून राहणाऱ्या गरोदर बायकांना दटावणं हे डॉक्टर स्लावेंकाचं काम होतं. "बाई गं, पोटातलं बाळ म्हणजे पिंपात मुरत घातलेला कोबी नव्हे, ठेवाल तितका चांगला!" हे वाक्य तिनं इतक्या जणींना ऐकवलं होतं की बाजारातल्या भाजीवाल्या तिला ते तोंडपाठ म्हणून दाखवत.

आता तिची स्वतःची तारीख उलटून आठवडा झाला होता. कळा सुरू करण्याचं औषध घ्यायला तिला कालच भरती व्हायचं होतं, पण काल तिला दोन शिंका आल्या, तेवढ्या निमित्तानं ती गेली नाही. आज शिंका नव्हत्या, तर कळा आपोआप येतील म्हणून ती स्वयंपाकघरात बसून रास्पबेरीच्या पाल्याचा काढा पीत होती. दुसरी कुणी असती तर स्लावेंकानं तिची चांगली हजेरी घेतली असती. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. इतकं शिकून, इतक्या जणींना सोडवून, आपलंच बाळ हाती लागलं नाही तर?

सासूबाई रादोयका सकाळपासून किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरभर फिरत होत्या. बाळंतपण अडलं की घरातली कुलुपं उघडायची, गाठी आणि वेण्या सोडायच्या, ही तिथली रीत. कपाटं झाली, तळघर झालं, खुराडंही झालं.

"आई, कोंबड्या तेवढ्या सुटल्या," स्लावेंका म्हणाली.

"त्यांना अक्कल आहे. डॉक्टरीणबाई, माळ्यावरच्या खोलीची किल्ली कुठं आहे?"

किल्ली स्लावेंकाच्या खिशात होती, आणि खोलीत पाळणा. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही घेणं म्हणजे अपशकुन, असं सगळे मानत. त्या समजुतीला हसत तिनं पाळणा आणला, आणि घरी पोचताच घाबरून त्याला कुलूप घातलं. पदवी भिंतीवर आणि पाळणा कुलपात!

तिनं मान खाली घालून किल्ली दिली. रादोयका वर गेल्या. मग खाली येऊन त्या तिच्यासमोर बसल्या.

"छान आहे पाळणा."

"आई, रागवा तरी!"

"माझ्या पहिल्या वेळी घरात एक कुलूप बंद नव्हतं. पाळणा नव्हता. सगळं रीतीनं केलेलं. तारीख उलटली, तर सगळे म्हणाले, येईल आपोआप. आलं गं. पण रडलं नाही."

स्लावेंका गावातल्या प्रत्येकीला आधीची बाळंतपणं विचारायची. सासूला तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"मग अजून कुलुपं का उघडता?"

"ती माझ्या भीतीपायी. बाळासाठी दवाखाना. ऊठ, कोबी मुरला!"

नवऱ्यानं, ओग्नेननं, गाडी काढली. स्लावेंकाला वाकून बुटांची नाडी बांधता येईना. रादोयका खाली वाकल्या, नाडी हातात घेतली आणि तशीच सोडून दिली.

आपल्याच वॉर्डात डॉक्टर स्लावेंका केस मोकळे, नाड्या लोंबत्या, अशी पाय घासत शिरली. जुनी सुईण हसू दाबत पुढं आली. "अहो डॉक्टर, अडखळून पडाल!" म्हणत ती नाडी बांधायला वाकली.

"हात लावू नकोस!" स्लावेंका एवढ्यानं ओरडली की सगळ्या खाटांवरून माना वळल्या. मग हळूच म्हणाली, "आधी बाळ रडू दे. मग बांध."