काखेत सापडलेला ताप

मी थर्मामीटर बोलतोय, काचेचा, पाऱ्याचा. पण माझ्या बोलण्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे माझं मलाच कळत नाही. प्रत्येक रोग्यानंतर मला असं झटकायचे, की त्याचं जे काही माझ्या मनात साठलेलं असे ते सगळं खाली उतरायचं. अशा डोक्यात आठवणी कितीशा टिकणार? तरी एक सकाळ टिकली आहे. निदान मला तसं वाटतं.

जन्मतःच अंगावर आकडे कोरले गेल्यामुळे लोक मला विद्वान समजतात. खरं सांगू? कोणी मला उजेडात तिरका धरून डोळे बारीक केले, की मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. चुकलो तर? एक रेघ इकडे की तिकडे?

नेमणूक झाली बाळंतिणींच्या वॉर्डात. साबणाची आंघोळ, स्पिरिटचा बोळा, मग टेबलावरचा पेला. बाळांसाठी माझा धाकटा भाऊ वेगळा होता. आमची अदलाबदल झाली, की मोठ्या सिस्टर कडाडायच्या, "आईचे जंतू बाळाला पोचवायला इथं टपालखातं उघडलंय का?"

त्या सकाळी खिडकीजवळच्या खाटेवरची पहिलटकरीण घरी जायची होती. बाळंत होऊन तिसरा दिवस. नवऱ्यानं पिशव्या दारात मांडल्या होत्या. सासूबाई चपला घालूनच बसल्या होत्या.

मला तिच्या तोंडात ठेवलं आणि मी दचकलो. आत नुसता हिवाळा! पारा जागचा हलेना. झालं, मनात म्हटलं, आपलं काही खरं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला वाचलं, मग तिचं मनगट धरलं. "हात तापलाय, नाडी धावतेय आणि तोंड एवढं थंड? काय प्यालीस गं?"

"पाणी. तहान लागली होती."

"बरं." त्यांनी मला झटकलं आणि तिच्या काखेत दाबलं. बाहेर काढलं तेव्हा मी एकशे दोनच्या वर होतो.

"अहो, दूध उतरताना अंग तापतंच," सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला नाही का झालं?"

"थोडं तापतं, आजी. हुडहुडी नाही भरत. काय गं, भरली होती?"

पोरीनं हो म्हणून मान हलवली. ओटीपोट दुखतंय? मान हलली. अंगावरून जातंय त्याला वास येतो? पुन्हा हलली.

"गर्भाशयात जंतुसंसर्ग झालाय. आज घरी जाणं नाही."

"मग पिशव्या?" नवऱ्यानं विचारलं.

"त्यांना ताप नाही ना? मग त्यांना खुशाल घरी सोडा! बाळ नीट पितंय का?"

"सकाळपासून झोपूनच आहे," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "फार गुणी आहे हो आमची नात."

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. धाकट्या भावाला बोलावणं गेलं. तो परत आला तो पडेल चेहऱ्यानं. बाळाचं अंग गार होतं. एवढ्याशा जिवाला संसर्ग झाला, की ताप येईलच असं नाही, डॉक्टरीणबाई समजावत होत्या. अंग गारही पडतं, आणि बाळ दूध सोडतं.

"तिला नेऊ नका," पोर रडायला लागली.

"नेत नाही. तुझ्या छातीशीच ठेवू, तिथंच ऊब मिळेल."

बाळांचे डॉक्टर आले. दोघींना इंजेक्शनं सुरू झाली. मी आणि धाकटा दिवसभर फेऱ्या मारत होतो. तो वर चढेना, मी खाली येईना.

मग एका दुपारी बाळानं असा टाहो फोडला, की सिस्टरच्या हातून ट्रे निसटता निसटता राहिला. भूक लागली होती!

सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "गुणी होती तेच बरं होतं गं बाई!" आणि डोळे पुसले.

आता वॉर्डात पिंपिं वाजणारे नवे आले आहेत. मी काचेच्या कपाटात कापसावर पडून असतो. कोणी झटकत नाही, म्हणून धीर करून एवढंच म्हणतो: बाळंतिणीचा ताप अंगावर काढू नका. आणि बाळ फार गुणी वाटलं, तर आधी त्याला हात लावून बघा.

तीच बाई बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या बाळंतपणाला आली. बरोबर उंच, अखंड बडबडणारी मुलगी. कपाटापाशी उभी राहून त्या बाईनं सिस्टरना हसत सांगितलं, की त्या सकाळी तहान वगैरे काही लागली नव्हती. आईला ताप निघाला की बाळ वेगळं नेतात, असं कोणीतरी म्हणालं होतं, म्हणून तिनं तोंडात बर्फाचा खडा धरला होता.