निम्मी रिकामी डिस्क

रुग्णालयातले संगणक मी सांभाळते. दोन आठवड्यांच्या रजेनंतर मी कामावर आले, तर एक्स-रे विभागातल्या मंडळींनी पाच वर्षांचे जुने एक्स-रे पुसून टाकलेले. का, तर सर्व्हर म्हणत होता, 'डिस्क भरली'.

मी नोंदी तपासल्या. पहिला एरर आला त्या दिवशीही डिस्क निम्मी रिकामी होती. माझं डोकंच फिरलं.

"अहो साहेब, जागा होती की! कुठे जागा आहे त्याची यादीच बिघडली होती, म्हणून मशीन उगाच बोंबलत होतं. तासभर बंद ठेवून ती यादी, म्हणजे फाइलसिस्टीम, दुरुस्त केली असती, तर संपला असता विषय."

"पुसलं की दहा मिनिटं चालायचं," विभागप्रमुख म्हणाले. "मग परत तेच. मग आम्ही आणखी पुसायचो."

"आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही? बॅकअपही पुसलात! बाहेर बाकावर त्या मावशी बसल्यात. त्यांच्या छातीतला डाग जुना की नवा, हे डॉक्टरांनी आता कशावरून सांगायचं? माझ्या कपाळावरून? कुठल्या शहाण्याने सांगितलं होतं पुसायला?"

साहेबांनी मॉनिटरला चिकटवलेला पिवळा कागद काढून माझ्या हातात ठेवला.

'डिस्क भरली, असं आलं तर जुनं पुसा. रजेवर असताना मला सारखे फोन करू नका.'

अक्षर माझं होतं. 'करू नका'खाली रागाने मारलेल्या दोन रेघाही माझ्याच.