खाजाभाईंची चौथी तार

मोठा माणूस जाताना मागे काहीतरी मोठं ठेवून जातो, असं आपल्याकडे शोकसभेत सांगतात. ते खरं आहे. आमच्या जिल्ह्यात तीन माणसं प्रत्येकी सहा फूट उंचीचं एकेक लाकडी धूड मागे ठेवून गेली. घरच्यांनी आयुष्यभर ‘हे एकदाचं बाहेर काढा’ म्हटलेली ती तिन्ही धुडं आमच्या साखर कारखान्यातले केमिस्ट गोरक्षनाथ वाळुंज यांनी उचलून आणली.

या धुडाला डबल बास म्हणतात. व्हायोलिनचा थोरला चुलता. उभं राहून, त्याला कवेत घेऊन वाजवायचा. गोरक्षनाथ पुण्याला बी.एस्सी. करत असताना एका हॉटेलात इंग्रजी बँड ऐकायला गेले आणि जागा नसल्यामुळे बासवाल्याच्या मागे उभे राहिले. तिथून ते पूर्ण परत आलेच नाहीत. “बाकीची वाद्यं कानाला ऐकू येतात, मास्तर,” ते मला सांगत, “हे पोटाला येतं.”

मास्तर म्हणजे मी. कारखान्याच्या शाळेत शिकवायचो. देवळाली प्रवरेजवळच्या वसाहतीत त्यांचं आणि माझं क्वार्टर एका भिंतीचं होतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि आता घरात जागाही नव्हती. पुढच्या खोलीत तीन बास भिंतीला टेकून उभे असत आणि कॉटवर एक बास गिटार झोपलेली असे. ती त्यांनी पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणली होती आणि राहुरीच्या रेडिओवाल्याकडून तिला आवाजाची पेटी करून घेतली होती. संध्याकाळी ड्यूटी संपली की ते एकेकाला जवळ घेत. आमच्या मांडणीवरची पितळी भांडी कुरकुरू लागली की आमच्याकडे दिवा लावत.

डबल बास वाजवायला एक माणूस पुरतो, पण दारातून बाहेर काढायला दोन लागतात. दुसरा मी. म्हणून मला हे सगळं माहीत.

असं वाद्य दुकानात मिळत नाही. ज्याच्याकडे आहे तो देत नाही, आणि तो गेला की घरचे पहिल्या थंडीत बंबात घालतात. तेव्हा वेळेवर हजर राहणं भाग असतं. गोरक्षनाथ हजर राहत. भिंगारच्या फर्नांडिस मास्तरांकडे ते मोसंबी घेऊन तब्येतीची चौकशी करायला गेले, तेव्हा मास्तरांना नुसती सर्दी होती. दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तर अंगणात सुतार शवपेटीचं माप घेत होता. श्रीरामपुरात बंद पडलेल्या सर्कशीतला बासवाला चांगला धडधाकट होता. त्याने मोसंबी आमच्यासमोर सोलून खाल्ली आणि पोळ्याच्या आधी गेला. नगरच्या ओहोळ सरांनी मोसंबी हातात घेतली, तिचा वास घेतला आणि गोरक्षनाथांकडे बघत म्हणाले, “इतक्यात?”

लोक बोलू लागले. फळवाला भिमाजी मोसंबी पिशवीत घालताना विचारी, “कुनाकडं निघाले?” आणि आपल्या नात्यातलं कुणी नाही एवढी खात्री करून घेई. मग एक दिवस वजनकाट्यावरचा मच्छिंद्र टोपी हातात घेऊन आला.

“सायेब, आमची आत्या हाय, मालनबाई. लई दिस झालं अंथरुनावर. ना हिकडं ना तिकडं. तुमी यकडाव येऊन जाता का?”

“त्या काय वाजवतात?” गोरक्षनाथांनी विचारलं.

“काय न्हाई. नुसत्या पडून हायेत.”

“मग मी येऊन काय करू?”

“करायचं काय न्हाई,” मच्छिंद्र खाली बघत म्हणाला. “नुसतं तब्येत कशी हाय म्हनायचं.”

गोरक्षनाथ गेले नाहीत. पण माणूस भिडस्त, त्यांनी मोसंबी पाठवली. मालनबाई त्याच आठवड्यात सुटल्या. मच्छिंद्र पेढ्याचा पुडा घेऊन आला, आणि दारातूनच देऊन गेला.

अशा नावलौकिकावर आम्ही सुप्याच्या खाजाभाईंकडे जाऊन पोचलो.

खाजाभाई नगरच्या लष्करी बँडमधून पेन्शनीत निघालेले. पुणे रस्त्यावर त्यांच्या मुलाचं, नियाजचं, गॅरेज होतं आणि त्यामागे दोन खोल्या. आतल्या खोलीत खाटेच्या उशाशी हिरव्या चादरीखाली बास उभा होता. जर्मन, लढाईच्या आधीचा. सत्तेचाळीस साली गोरा बँडमास्तर बोट पकडताना म्हणाला होता, हे कुठं नेऊ, तू ठेव.

खाजाभाईंनी चादर काढली आणि आमच्यासाठी वाजवला. पहिल्या तीन तारा इतर बासांसारख्याच होत्या. मग त्यांनी चौथी, सगळ्यात जाड तार ओढली. आवाज आला असं मी म्हणणार नाही. लांबून ट्रक येत असावा, आणि तो यायचा थांबूच नये, तसं काहीतरी आलं. त्यात खाली एक घरघर होती, घशात काही अडकलेल्या माणसाची असते तशी. बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहिली. नियाजने पाना खाली ठेवला. गोरक्षनाथ तारेजवळ वाकले.

“हा आवाज माझ्या तिघांत नाही,” ते म्हणाले. “ही तार कुठली?”

“तारेचं काय इचारता साहब,” खाजाभाईंनी तारेवर तळवा ठेवून ती घरघर बंद केली. “चहा घ्या.”

“लाकूडच,” गोरक्षनाथ मला म्हणाले. “जर्मन लाकूड.”

खाजाभाईंनी चादर परत बासवर घातली.

“मला द्याल?”

“जीते जी न्हाई. मी गेलो की घेऊन जा. तवा मी काय आडवा येनार हाय?” खाजाभाई हसले. हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला बराच वेळ चालला. गोरक्षनाथांनी पिशवीतली मोसंबी काढून खाटेवर ठेवली. खाजाभाईंच्या बायको शरिफाबी दारात उभ्या होत्या. त्यांनी मोसंबीकडे पाहिलं आणि मग गोरक्षनाथांकडे. बातमी आमच्या आधी सुप्याला पोचली होती.

हे बहात्तर साल. पावसाने पाठ फिरवली होती. सुप्याच्या विहिरी तळ दाखवत होत्या आणि हवा अशी कोरडी की दारं चौकटीत खुळखुळत. माणसाला कोरडी हवा सोसते, डबल बासला सोसत नाही. त्याचं पोट तडकतं. म्हणून त्याच्या पोटात ओलं फडकं ठेवावं लागतं. आमच्याकडे कालव्याचं पाणी होतं. गोरक्षनाथ स्कूटरला पाण्याचा डबा बांधून सुप्याला नेऊ लागले. मोसंबी खाजाभाईंसाठी, पाणी बाससाठी. शरिफाबी मोसंबी कोपऱ्यात ठेवून देत आणि पाणी माठात ओतत.

“भाभी, ते बाससाठी होतं,” गोरक्षनाथ पहिल्यांदा म्हणाले.

“आधी मानसं तडकतील, साहब,” त्या म्हणाल्या. “मग लाकडाचं बघू.”

या फेऱ्या स्कूटरवरच व्हायच्या, आणि त्या स्कूटरला क्लचची वायर मानवत नसे. कामरगावच्या चढावर हमखास तुटायची. गोरक्षनाथ डिकीत एक जादा वायर ठेवत, टोकाला शिशाची गुंडी असलेली. मी रस्त्याकडेला उभा राही आणि ते ती बसवत. “खोकला वाढलाय, नाही?” ते नट पिळता पिळता विचारत. मला वाटायचं, हो म्हटलं तर यांना वाईट वाटेल, नाही म्हटलं तरी वाटेल. मी पुढचा पाना हातात देई.

थंडी सरताना बासच्या पोटावर केसाएवढी चीर दिसली. गोरक्षनाथ तिच्यावरून बोट फिरवत राहिले. पलीकडे खाजाभाई धापा टाकत होते. त्या खोलीत दोघांपैकी कोण आधी जाणार एवढाच प्रश्न उरला होता, आणि आम्हा सगळ्यांना तो कळत होता. खाजाभाईंनाही.

निघताना शरिफाबी गॅरेजपर्यंत आल्या. “राग नका मानू, भाईसाहब. तुमी येता अन् त्या रात्री ह्यांना झोप न्हाई लागत. तुमी मानूस वाईट न्हाई. पन तुमी नका येऊ.”

“मी फक्त चौकशीला येतो, भाभी.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या.

गोरक्षनाथ गेले नाहीत. तो महिना त्यांनी कसा काढला ते आमच्या पितळी भांड्यांना विचारावं. आणि मग सुप्याहून कारखान्यात येणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर नियाजचा निरोप आला, अम्मीने बोलावलंय, गाडी घेऊन या.

“गेले,” गोरक्षनाथ म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कशाचं, ते मी विचारलं नाही.

आम्ही टेम्पो केला, गोधड्या घेतल्या, वर टाकायला धुतलेली पांढरी चादर घेतली. गॅरेजपुढे माणसं बसलेली, सगळी गप्प. आत गेलो तर खाजाभाई खाटेवर बसले होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, निम्मे झालेले, पण होते.

“बसा साहब,” ते म्हणाले. “मी हाय अजून.”

शरिफाबी भिंतीकडे बघत बोलल्या, “बाजा घेऊन जा. मी देते. ह्यांच्यासाठी देते. पन ह्या घरात परत पाय टाकू नका.”

“जीते जी न्हाई म्हनलो हुतो,” खाजाभाई म्हणाले. “पन ही म्हनते, जीते रहायचं तर दे.” ते उठले, बासला टेकून उभे राहिले, आणि चौथी तार सैल करून तिचं वेटोळं केलं. “ही तेवढी मी ठेवतो.”

“का?” गोरक्षनाथांना धक्का बसला होता. तीन महिने ज्या आवाजासाठी घालवले तो त्या वेटोळ्यात होता.

खाजाभाईंनी नियाजकडे पाहिलं. नियाज जमिनीकडे बघत होता. “राहू द्या माझ्यापाशी,” खाजाभाई म्हणाले. “मी गेलो की घ्या.”

बास टेम्पोत आडवा ठेवला आणि वर पांढरी चादर घातली. गोरक्षनाथ मागे बसले, बासचं डोकं मांडीवर घेऊन. मी शेजारी. रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. मैलच्या मैल माणसं खडी फोडत होती. आमचा टेम्पो हळू चालला होता, आणि जसजसा पुढे जाई तसतशा हातोड्या थांबत होत्या. माणसं एकेक करून उभी राहिली. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी पदर डोक्यावर ओढला. खडीचा आवाज पुढे चालू असे आणि आम्ही पोचलो की बंद पडे.

एका ठिकाणी टेम्पो थांबला तेव्हा एक म्हातारी जवळ आली. कुणीतरी तिला बनुबाई म्हणून मागे बोलावत होतं. तिने चादरीखालच्या लांबोडक्या आकाराला हात जोडले.

“कोन गेलं वं?”

“अजून कुणी नाही,” गोरक्षनाथ म्हणाले.

म्हातारी दोन पावलं मागे सरली.

घरी आणून त्यांनी दुसऱ्या बासची चौथी तार त्याला लावली. चांगला आवाज आला, पण नुसता चांगला. ती घरघर नव्हती. तार बदलून पाहिली, तारांखालचा लाकडी पूल सरकवून पाहिला. चीर सरसाने भरली. आमची भांडी कुरकुरली, पण पूर्वीसारखीच. “तारेत जीव आहे, मास्तर,” ते म्हणू लागले. “विलायती, जनावराच्या आतड्याची असणार, वर चांदी गुंडाळलेली. आता आपल्याकडे मिळायची नाही, आयात बंद आहे.” शेवटी ती उसनी तार त्यांनी काढून टाकली, आणि उन्हाळाभर जर्मन बास तीन तारांवर उभा होता. गोरक्षनाथ इतर बासही वाजवेनासे झाले. आम्ही दिवा अंदाजाने लावू लागलो.

त्यांनी शरिफाबींचा शब्द पाळला, एक वेळ सोडून. मृगाच्या आधी ते एकटेच सुप्याला गेले. घरात पाय टाकला नाही. गॅरेजच्या बाहेर स्कूटर उभी करून नियाजला मोसंबीची पिशवी दिली आणि विचारलं, “तब्येत कशी आहे?”

“बरी हाय,” नियाज म्हणाला. “काल रस्त्यापर्यंत चालत आले हुते.”

पुढच्या आठवड्यात खाजाभाई गेले.

आम्ही मातीला पोचलो नाही. कामरगावच्या चढावर वायर तुटली, डिकीतली बसवली, तोवर लोक कबरस्तानातून परत येत होते. माझ्याशी दोघे-तिघे बोलले. गोरक्षनाथांशी कुणी बोललं नाही. ते आले तसा त्यांच्याभोवती आपोआप मोकळा गोल पडला, आणि ते जिकडे सरकत तिकडे तो गोलही सरके. शरिफाबींनी खिडकी लावून घेतली. कडी लागल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

नियाज बाहेर आला. हिरव्या चादरीच्या तुकड्यात बांधलेलं वेटोळं त्याने पुढे केलं. “अब्बा बोलले हुते, तुमाला द्यायचं. अन् बोलले हुते, सायबाला काय बोलू नको.” एवढं बोलून तो आत गेला.

गोरक्षनाथांनी गाठ तिथे सोडली नाही. चास मागे टाकल्यावर, मोकळ्या माळावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि मला म्हणाले, “तुम्ही सोडा.” पश्चिमेला ढग काळे होत होते. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी गाठ सोडली. आत पिळाची पोलादी तार होती. एका टोकाला शिशाची गुंडी होती, दुसरं टोक छिन्नीने तोडलेलं. गुंडीवर थोडं ग्रीस अजून होतं.

गोरक्षनाथांनी गुंडी अंगठ्याने पुसली. मग तार पुन्हा चादरीत गुंडाळली, खिशात घातली आणि स्कूटरला किक मारली.

केडगावच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. डिकीतली सकाळीच वापरली होती. पाऊस सुरू झाला होता.

खाजाभाईंची बसवली. बरोबर बसली.