चकती लावा, आकडा वाढवा

"वाढला! माझा वाढला!"

बाउकेनं हँडल सोडून टाळ्या पिटल्या. समुद्राच्या बांधावर, गाडीरस्ता जिथं वर येऊन मिळतो तिथं, गावातली वीसेक म्हातारी माणसं आपापल्या विजेच्या सायकलींवर वाकून इवल्याशा स्क्रीनकडे पाहत होती. निघताना सत्तर किलोमीटर दाखवणारा आकडा नव्वदवर गेला होता. कुणाचा ऐंशीचा शंभर झाला होता. सायकल चालवली, वीज खर्च झाली, आणि तरी उरलेल्या विजेवर जाता येईल ते अंतर वाढलं! ज्या गावाच्या चर्चमध्ये नाताळातही निम्मे बाक रिकामे राहतात, त्या गावाला अखेर देव सापडला होता. तो तांब्याचा होता, बशीएवढा होता आणि चिकटपट्टीनं बॅटरीला लावायचा होता.

देवाचे पुजारी, मेनेअर म्हणजे श्रीयुत रोसकाम, पांढऱ्या स्वेटरात हात पसरून उभे होते.

"बॅटरी म्हणजे निर्जीव डबा नव्हे, मंडळी! कारखान्यातून येते तेव्हा ती भेदरलेली असते. भेदरलेला जीव हातचं राखून देतो. चकती तिला सांगते, घाबरू नकोस, मोकळ्या हातानं दे!"

"आमची ही पण हातचं राखून वाढते," वीबे म्हणाला. "तिला एक लावू का?"

"आधी तुझ्या डोक्याला लाव," बाउके म्हणाली, आणि सगळे हसले. रोसकामही हसले. धंद्याला हसू पोषक असतं.

रिक्स्ट हसली नाही. ती आईसाठी लीवार्डन शहरातून आली होती आणि आईच्या शेजारी, आपली जुनी विजेची सायकल धरून उभी होती.

गेल्या शरद ऋतूत तिच्या वडिलांनी, हिल्केंनी, अशीच एक चकती घेतली होती. नोव्हेंबरात ते याच बांधावरून बहिणीकडे गेले. बहीण म्हणाली, "चार्जिंगला लाव रे, जेवण होईपर्यंत भरेल." ते म्हणाले, "कशाला? अजून शंभर दाखवतंय!" परतताना बॅटरी मध्येच संपली. ती जड सायकल वाऱ्याविरुद्ध ढकलत ते बराच वेळ चालले असावेत. मेंढ्यांच्या फाटकापाशी ते सापडले. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदयविकार लिहिलं, आणि ते खरंच होतं.

रोसकामांनी मात्र आईला वेगळं निदान दिलं होतं: हिल्केंची चकती झोपली होती. दर ऋतूत तिला जागवावी लागते. आई, चिट्स्के, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी जागवलेली चकती लावून शनिवारी त्याच रस्त्यानं एकटी नणंदेकडे जाऊन येणार होती. रिक्स्टनं फोनवर विरोध केला तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "तुझे बाबा मूर्ख नव्हते."

"चला, सायकली गाडीत चढवा!" रोसकामांनी हाक दिली. मागं झाकलेला ट्रक उभा होता, शेजारी छोटी बस. "पहिल्या फेरीनंतर चकतीला विश्रांती लागते. सभागृहात कॉफी आहे, सफरचंदाचा केक आहे!"

रिक्स्टनं आपल्या स्क्रीनकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "माझा पण वाढला."

"पाहा!" रोसकाम म्हणाले.

"माझ्या बॅटरीला चकती नाही."

बाउकेनं वाकून खात्री केली. खरंच नव्हती. आकडा मात्र चौसष्टचा अठ्ठ्याऐंशी झाला होता. रोसकामांनी हात आणखी पसरले. "साहजिकच आहे, बाळा. इतक्या चकत्या शेजारून धावल्या. छाया पडते."

"मग ट्रक कशाला? इतक्या छायेत आपण सगळे सायकलवरच परत जाऊ."

"विश्रांती—"

"बॅटरीला भीती, बॅटरीला विश्रांती," वीबे पुटपुटला. "उद्या बॅटरीला पेन्शन द्यावं लागेल."

तेवढ्यात चिट्स्केनं आपली सायकल वळवली आणि पॅडलवर पाय ठेवला. हिल्केंची विधवा निघाली म्हटल्यावर बाकीच्यांना केकसाठी बसमध्ये चढणं बरं दिसेना. सगळे मागोमाग निघाले.

वळल्याबरोबर वारा तोंडावर आला. नैर्ऋत्येचा, खारट, छातीवर हात ठेवून मागं लोटणारा. बाउकेची टोपी उडाली. वीबेनं मोटरचा जोर वाढवला, मग सगळ्यांनीच वाढवला. आणि आकडे उतरू लागले. शंभराचे सत्तर, नव्वदाचे पन्नास.

"अगं, माझा पळतोय बघ!" बाउके ओरडली. "घर गाठेन ना मी?"

"छाया गेली वाटतं उन्हात!" वीबेनं मागून साद दिली.

गावच्या सभागृहापाशी पोचेपर्यंत कुणाचाही आकडा निघतानाच्या निम्म्याहून जास्त उरला नव्हता. बसमधून आरामात आलेले रोसकाम केस विंचरून दारात उभे होते. "तुमची श्रद्धा डळमळली," ते दुःखानं म्हणाले. "बॅटरीला ते कळतं."

"बॅटरीला काही कळत नाही," रिक्स्ट म्हणाली. "स्क्रीनलाही पुढचा रस्ता दिसत नाही. आत्ता मागे पडलेल्या रस्त्यावर किती वीज लागली ते ती पाहते, आणि पुढंही तेवढीच लागेल असं धरून आकडा सांगते. तो अंदाज असतो. वारा पाठीशी असला की वीज कमी लागते, अंदाज फुगतो. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, मेनेअर. म्हणून तुम्ही सगळ्यांना वाऱ्याबरोबर नेता आणि ट्रकमधून परत आणता. परतीच्या रस्त्यावर कुणी सायकल चालवली तर तुमचा देव उघडा पडतो."

 या लोकांना लहानपणी चालायच्या आधी शिकवलेलं असतं: आधी वाऱ्याशी भांड, मग त्याच्या पाठीवर बसून घरी ये. तीच माणसं एका उजळ आकड्यापायी खिडकीबाहेरचं झाड कुठं झुकलंय ते बघायचं विसरली होती.

"आम्ही म्हणजे बिनडोक बटाटेच," वीबे शेवटी म्हणाला. "पण तुम्ही, मेनेअर, त्यातले सडके." रोसकाम बसच्या दिशेनं मागं सरकू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही. तेवढी किंमतही कुणी दिली नाही.

चिट्स्के अजून सायकलवरून उतरली नव्हती. तिला धाप लागली होती.

"त्या दिवशी," तिनं विचारलं, "जाताना वारा तुझ्या बाबांच्या पाठीला होता?"

"हो, आई."

"म्हणून शंभर दाखवत होतं."

"हो. चकती असती-नसती तरी तेवढंच दाखवलं असतं. पण चकती नसती, तर बाबांनी वारा पाहिला असता."

"म्हणजे ते मूर्ख नव्हते."

"नव्हते. फसवले गेले. मूर्ख कुणीही नसतं, आई, विचारायचं थांबेपर्यंत."

ही गोष्ट सायकलींची वाटत असेल तर तसं नाही. कुणी आकडा दाखवला, तर तो कशावरून काढला ते विचारा. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच चमत्कार उलट्या दिशेनं करून दाखवायला सांगा. चकती काढूनही करून पाहा. एवढं करायला विद्वान असावं लागत नाही. आणि हे न करण्यापायी माणसं मरतात. त्यांच्या कागदावर डॉक्टर दुसरंच कारण लिहितो.

चिट्स्के उतरली. चिकटपट्टीचं टोक नखानं शोधून तिनं ती सोलली आणि चकती सभागृहाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"शनिवारी जायचंच आहे मला," ती म्हणाली. "तू पण चल. चार्जर घे. जेवताना दोघींच्या सायकली लावून ठेवू."